पहिलं हेलिकॉप्टर नक्की कोणाचं?

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात सिकोर्स्की, तर कुठे पॉल कोर्न्यू. खरं कोण? – एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : कोर्न्यूचा दावा 13 नोव्हेंबर 1907 चा, फ्रान्समधला : फूटभर उंच, वीसेक सेकंद. आम्हाला तो पटत नाही. माणसासकट वजन सुमारे 260 किलो, 6 मीटर व्यासाचे दोन रोटर (यंत्राला उचलणारी फिरती पाती). गणित मांडा : निर्दोष रोटर धरला तरी हवेत तरंगायला 15 अश्वशक्ती लागते. कोर्न्यूची पाती ओबडधोबड, निम्मी ताकद वाया जाणार, म्हणजे 30 लागणार. इंजिन होतं 24 चं, त्यात रोटर फिरवणारे पट्टे घसरायचे. त्याच वर्षी ब्रेगे या दुसऱ्या फ्रेंच माणसाचं यंत्र उचललं गेलं खरं, पण चार कोपऱ्यांना चार माणसं धरून होती. ते उड्डाण कसलं!

खरी मेख वेगळीच. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, जास्त उचल देतं आणि यंत्र कलंडतं. सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याने 1923 मध्ये ऑटोजायरोच्या (वरचा रोटर इंजिनाने नव्हे, वाऱ्याने फिरतो असं विमान) पात्यांना बिजागरी लावून ती वरखाली हलू दिली. ताब्यात राहणारं यंत्र म्हणाल, तर 1936 चं जर्मन हेलिकॉप्टर एफडब्ल्यू 61. सिकोर्स्कीचं व्हीएस-300 आलं 1939 मध्ये. वर एक रोटर, शेपटीला छोटा, हा आजचा साचा त्याने रुळवला.