पहाटेची फायनल आणि वीस माणसं

अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीत एडिसनला येऊन तुला वर्ष होत आलं आणि क्रिकेटची पुढची मोठी मॅच एकत्र बघायची सगळी व्यवस्था मंडळींनी तुझ्या गळ्यात टाकली, हे कळलं. प्रोजेक्टर कोणता घेऊ, असं तू विचारलं आहेस. तो प्रश्न बराच नंतरचा. आधी एवढं पक्कं कर की खोलीतल्या सगळ्यांना एकाच क्षणी ओरडता आलं पाहिजे. ते जमलं तर भिंतीवर पांढरी चादर लावूनही मॅच रंगते. नाही जमलं, तर भिंतभर टीव्ही असूनही जो तो आपल्या फोनमध्ये मान घालून बसतो.

सुरुवात घड्याळापासून. भारत आपल्यापुढे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा, हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो घड्याळ बदलतं त्याच दिवशी, आणि क्रिकेटच्या फायनली हल्ली नेमक्या तिथेच येऊन आदळतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनला घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ९ मार्च २०२५ ला दुबईतली चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल भारतीय वेळेनुसार दुपारी अडीचला सुरू झाली. शनिवारच्या हिशोबाने ते आपले पहाटेचे चार होत होते, पण त्याच रात्री घड्याळ सरकल्यामुळे प्रत्यक्षात पाच झाले. कॅलिफोर्नियात तर मॅच रात्री एकला सुरू झाली आणि तासाभराने घड्याळात तीन वाजले! मग २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईत महिला विश्वचषकाची फायनल. जुन्या हिशोबाने पहाटे साडेपाच, खरी वेळ साडेचार. पावसाने ती दोन तास लांबली आणि सकाळी साडेसहाला सुरू झाली, त्यामुळे चुकलेल्यांचंही त्या दिवशी काही बुडालं नाही. पण दर वेळी पाऊस आपली लाज राखेल, असं धरून चालू नकोस.

म्हणून निरोपात नुसतं ‘पाचला या’ लिहायचं नाही. तारीख, वार आणि ‘न्यू जर्सीची वेळ’ असं तिन्ही लिही. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइमझोन कोलकाता निवड आणि भारतातली वेळ टाक. बाकीची बेरीज-वजाबाकी फोन करतो. २०२७ चा पुरुषांचा विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. तिन्ही देशांचं घड्याळ एकच आणि ते वर्षभर बदलत नाही. आपलं मात्र ७ नोव्हेंबरला बदलेल. तोपर्यंत तिथल्या दुपारी दोनची मॅच म्हणजे आपले सकाळचे आठ, त्या दिवसापासून सात. आपल्यासाठी याहून सोयीच्या वेळा क्वचितच मिळतात.

जागेचं म्हणशील तर पहाटेच्या मॅचला अपार्टमेंट टाळ. लाकडी सांगाड्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक माणूस उडी मारतो आणि खालच्याच्या छताला हादरा बसतो. करारात बहुधा रात्री दहा ते सकाळी सात-आठ शांतता लिहिलेली असते. सोसायटीचं क्लबहाउस त्या वेळेला उघडतच नाही. ज्याच्या घराला बेसमेंट आहे, त्याला पटव. आवाज बराचसा जमिनीत राहतो, अंधार आपोआप मिळतो, पोरं वर झोपू शकतात. दोन घरं सोडून राहणाऱ्यांनाही आदल्या दिवशी सांगून ठेव, आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते निरोपातच लिही. पहाटे कुणीतरी हमखास शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेसमोर गाडी लावतो आणि विसाव्या षटकात त्याला शोधत फिरावं लागतं.

आता चित्र. आयसीसीच्या स्पर्धा सध्या अमेरिकेत विलो या क्रिकेटच्या चॅनलवर दिसतात. भारतातलं अ‍ॅप इथे चालवण्याच्या खटपटी लोक करतात. ऐन वेळी ते बंद पडतं आणि वीस माणसं तुझ्या तोंडाकडे बघत बसतात. रीतसर वर्गणी भर. मात्र घरच्या वर्गणीवर घरी पाहुणे बोलावणं वेगळं आणि हॉल घेऊन दहा डॉलरचं तिकीट लावणं वेगळं. दुसऱ्याला व्यावसायिक परवाना लागतो, त्या भानगडीत पडू नकोस.

स्ट्रीम मैदानाच्या अर्धा-एक मिनिट मागे असतं. स्कोअरचं अ‍ॅप त्याच्यापुढे, पुण्यातला टीव्हीही पुढे. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या फायनलच्या शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा चेंडूंत १६ हव्या होत्या आणि पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. तो क्षण आपल्या पडद्यावर यायच्या आधी कुणाच्या आईचा ‘घेतला!’ असा मेसेज आला, तर खोलीचा जीवच गेला म्हणून समज. दारात एक टोपली ठेव. फोन त्यात टाकायला कुणी तयार होत नाही, तेव्हा निदान घरचे ग्रुप आणि स्कोअरचे अ‍ॅप बंद करायला लाव. याबाबतीत मी हुकूमशाहीच्या बाजूचा आहे.

आणखी एक: एकाच घरात दोन पडदे नकोत. वर टीव्ही, खाली प्रोजेक्टर, दोन्हींवर तेच अ‍ॅप. तरी त्यांच्यात काही सेकंदांचा फरक राहतो. वरच्यांच्या आरोळ्यांनी खालच्यांना विकेट आधीच कळते. वर पोरांना कार्टून लावून दे.

प्रोजेक्टर बेसमेंटमध्ये ३००० ल्युमेन उजेडाचा पुरतो. लॅपटॉपपासून तो लांब असतो, म्हणून पाच मीटरची एचडीएमआय केबल आण. जुना प्रोजेक्टर किंवा स्वस्तातला स्प्लिटर असेल तर आवाज येतो पण पडदा काळा राहतो. चोरी रोखणाऱ्या सांकेतिक कुलपाला जुनी यंत्रं उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून असं होतं. आदल्या रात्री त्याच अ‍ॅपवर कुठलाही चालू सामना दहा मिनिटं लावून बघ. यूट्यूब चाललं म्हणजे हेही चालेल, असं नाही. प्रोजेक्टरचा आवाज कुचकामी असतो. बाहेरचा स्पीकर वायरने जोड, ब्लूटूथने जोडलास तर बॅटचा आवाज चित्राच्या मागून येतो. इंटरनेटलाही वायरच. लॅपटॉपचं झोपणं, अपडेट आणि नोटिफिकेशन बंद कर. फोनच्या हॉटस्पॉटवर विसंबणार असशील तर हिशोब कर: सेकंदाला पाच मेगाबिट धरले तरी तासाला सव्वादोन जीबी, म्हणजे आठ तासांच्या वनडेला अठरा. एवढ्यात बऱ्याच प्लॅनचा वेग उतरतो.

खाण्यात सगळ्यात मोठा धोका फोडणीचा. मोहरी-मिरची तडतडली की स्मोक अलार्म पहाटे पाचला बोंबलतो. बऱ्याच घरांत चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही, नुसती गाळून परत घरातच सोडतो. पोह्यांचं फोडणी-कांदा-बटाटा रात्रीच करून ठेव, सकाळी भिजवलेले पोहे त्यात घालून वाफ काढ. वीस जणांना दीड किलो जाडे पोहे. चहा माणशी दोन कप धरून पाच लिटर: निम्मं दूध, निम्मं पाणी, शंभर ग्रॅम पावडर, आलं सढळ हाताने. डाव संपला की मिसळ. त्यासाठी एक किलो मटकी दोन दिवस आधी भिजव. इथल्या थंडीत मोड येत नाहीत, तेव्हा फडक्यात बांधून बंद ओव्हनमध्ये ठेव आणि नुसता आतला दिवा लाव. ओव्हनवर चिठ्ठी चिकटव, नाहीतर कुणीतरी पिझ्झा गरम करायला तो सुरू करतो. पाव गोठवलेले मिळतात, आदल्या रात्री बाहेर काढून ठेव.

माणसांबद्दल थोडंच. ऑफिसातला कुणी अमेरिकन आला तर त्याच्याशेजारी एकच शांत माणूस बसव. पाच जणांनी एकदम पायचीत समजावलं की तो पुन्हा येत नाही. त्याला आधी फक्त किती चेंडूंत किती धावा हव्यात एवढं सांगायचं. पाकिस्तानी शेजाऱ्याला बोलावलंस तर त्याच्या संघाच्या चौकारावरही टाळी पडेल, हे आपल्या मंडळींना आधीच बजाव. जागा न बदलण्याचे, उठून उभं न राहण्याचे नवस चालू दे, फक्त त्यापायी बाथरूमची वाट अडवू देऊ नकोस. खर्च माणशी सारखा वाटून डावाच्या मध्यंतरालाच गोळा कर. हरल्यावर कुणी थांबत नाही.

राहता राहिला पाऊस. बाद फेरीला बहुधा राखीव दिवस असतो, आणि थांबलेली मॅच दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते. २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरला भारताविरुद्धच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११ वर अडकलं आणि खेळ बुधवारी पुढे सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होते. रविवारच्या फायनलचा राखीव दिवस म्हणजे सोमवार. तेव्हा घरमालकाला दोन्ही दिवसांचं आत्ताच विचारून ठेव, रजेचं ज्याचं त्याने बघावं, थोडी मटकी फ्रीजमध्ये राखून ठेव आणि निकाल लागेपर्यंत प्रोजेक्टर जागचा हलवू नकोस.

कळावे.