धान्याच्या गोदामात दहा मीटर : नेमबाजीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ग्रामपंचायतीचे जुने धान्य गोदाम रिकामे पडले आहे. आतून लांबी १५ मीटर, रुंदी ६ मीटर. शाळेकडे स्प्रिंगच्या दोन एअर रायफली आणि पीप साइटची (बारीक भोकातून नेम धरायची) एक आहे. इथे मुलांसाठी रेंज करता येईल का?
– क्रीडाशिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : करता येईल, आणि चांगली करता येईल. आधी मापे. फायरिंग लाइनपासून निशाणाच्या कार्डाच्या दर्शनी पृष्ठभागापर्यंत बरोबर १० मीटर हवेत. फरक चालतो तो फक्त ५ सेंटिमीटरचा, म्हणून कापडी टेप वापरू नका, स्टीलची घ्या. कार्डाच्या मागे दीड मीटर जागा ठेवली की लाइनच्या मागे साडेतीन मीटर उरतात. तेवढ्यात नेमबाज, टेबल आणि शिक्षक नीट मावतात. एका नेमबाजाला १ मीटर रुंदी लागते. ६ मीटरमध्ये पाच जागा बसतील, तरी चारच करा. कडेच्या मुलाची कोपरे भिंतीला लागली तर त्याचा उभा राहण्याचा पवित्रा कायमचा वाकडा होतो.

चूक होते ती उंचीत. निशाणाचा मध्य १.४० मीटरवर हवा, पण ही उंची नेमबाज उभा असतो त्या फरशीपासून मोजायची, कार्डाखालच्या फरशीपासून नाही. गोदामाची फरशी उतरती असेल तर दोन्हींत सहज दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी आणा, लाइनवर १.४० ची खूण करा आणि ती समोरच्या भिंतीवर न्या. दहा मिनिटांचे काम आहे.

छर्रे अडवायला प्रत्येक कार्डामागे लोखंडी पेटी लागेल. तिच्या आत ३ मिलिमीटर जाडीची प्लेट ४५ अंशांत, तोंड खाली करून बसवा, म्हणजे छर्रा आपटून खालच्या वाळूच्या ट्रेमध्ये पडतो. छपराचा पत्रा इथे चालत नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा मारा कधी कधी मॅच (स्पर्धेच्या) रायफलीपेक्षा जोरदार असतो. पत्र्याला पोचे पडतात आणि पोचा पडलेला पत्रा छर्रा सरळ मागे फेकतो. म्हणून महिन्यातून एकदा प्लेटवर हात फिरवून पाहा, खळगा लागला तर प्लेट बदला. पेट्यांच्या मागे जिनिंगमधला जुना जाड रबरी पट्टा सैल लोंबता लावा, चुकलेला छर्रा त्यात जिरतो. उघडे लाकूड किंवा विटांची भिंत मागे ठेवू नका. आत असलेल्या प्रत्येकाच्या, बघ्यांच्यासुद्धा, डोळ्यांवर चश्मा हवाच.

लाइनच्या पुढच्या बाजूला दार किंवा खिडकी असेल तर ती आतून खिळे ठोकून बंद करा. नुसत्या कडीवर भरवसा ठेवू नका, गावातले लहान मूल कुठूनही डोकावते. सराव चालू असेपर्यंत बाहेर लाल झेंडी. रायफल टेबलावर आली की नळीतून भगवी दोरी आरपार गेलेली दिसली पाहिजे. कमांड रोज त्याच शब्दांत द्या: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘स्टॉप’ म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांत लहान मुलालाही द्या आणि त्याने उगाच थांबवले तरी रागावू नका.

आणखी एक गोष्ट. रेंज झाल्यावर त्या गोदामात पुन्हा तूर-सोयाबीन भरू देऊ नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मुलगी रोज नेमबाजीला जाते. छर्रे शिशाचे असतात असे कळले. काळजीचे आहे का?
– पालक, जि. वाशीम

उत्तर : आहे, पण काळजी घेणे सोपे आहे. शिशाची बारीक भुकटी पेट्यांपाशी आणि हातांवर बसते, आणि वाढत्या वयात शिसे पोटात जाणे वाईटच. रेंजमध्ये डबा उघडायचा नाही, पाण्याची बाटलीही बाहेर. सरावानंतर साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. छर्रे दातांत धरण्याची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडायची. कोरडा झाडू मारला की भुकटी उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते काम मुलांकडून न करवता मोठ्यांनी हातमोजे घालून करायचे. जमलेले शिसे झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ टाकू नका. या गोष्टी तुमच्या शाळेत होतात का, ते एकदा जाऊन पाहा. विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : आमची एक विद्यार्थिनी, वय १६, एअर पिस्तूल. कार्डावर दहा-नऊ गुणांचा सुंदर ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) दिसतो, पण दर आठ-दहा शॉट्समागे एक सात, आणि तो बहुतेक डावीकडे खाली. साइट फिरवली तर ग्रुपच सरकतो. ती उजव्या हाताने मारते. स्पर्धेत हे सात आणखी वाढतात.
– प्रशिक्षक, जि. अमरावती

उत्तर : साइट परत जागेवर आणा, दोष साइटमध्ये नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा डावीकडे खाली जातो तेव्हा बहुतेक वेळा बोट ट्रिगरला सरळ मागे ओढण्याऐवजी झटका देत असते आणि त्याबरोबर अख्खी मूठ आवळली जाते.

यामागचे गणित तिला कागदावर काढून दाखवा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३६ सेंटिमीटर धरा. मागच्या खाचेच्या तुलनेत पुढची साइट १ मिलिमीटर हलली तर १० मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर सरकतो. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, नऊचे २७.५ चे, आठचे ४३.५ चे. म्हणजे मध्यापासून २८ मिलिमीटरवर पडलेला छर्रा सातच देतो. उलट दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून हात १ मिलिमीटर हलला, तर छर्राही १ मिलिमीटरच हलतो आणि दहा शाबूत राहतात. एवढे मुलीला पटले की ती हात स्थिर करण्याची धडपड सोडते. हात हलणारच. डोळा पुढच्या साइटवर राहिला पाहिजे. साइट धारदार, काळे वर्तुळ धूसर, आणि नेम काळ्याच्या खालच्या पांढऱ्या भागात.

झटका आहे की नाही ते असे तपासा. पिस्तूल तुम्ही भरून तिच्या हातात द्या, तिच्या नकळत कधी छर्रा घालून, कधी न घालता. रिकाम्या शॉटला पुढची साइट खाली बुडाली तर निदान पक्के. उपायही त्यातच आहे: दहापैकी सात शॉट रिकामे, तीन भरलेले.

सहा आठवड्यांचा कार्यक्रम आम्ही असा सुचवू. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास पांढऱ्या कोऱ्या भिंतीवर ड्राय, म्हणजे छर्रा न घालता सराव. समोर निशाण नसल्यामुळे नजर साइटवर टिकते. दोन दिवस प्रत्यक्ष शॉट, प्रत्येकी चाळिसाहून जास्त नाहीत. एक दिवस सुट्टी. हात नेमाच्या जागी उतरल्यावर आठ ते दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली, वाद नाही. हा ‘न मारलेला शॉट’ वहीत टिपायचा आणि त्याचे कौतुक करायचे, कारण सात बहुतेक वेळा बाराव्या सेकंदाला येतो: श्वास अडकलेला, डोळा थकलेला, आणि ‘आता सोडून टाकू’ हा विचार.

स्पर्धेत सात वाढतात, कारण तिला वेळ कमी वाटतो. वरिष्ठ स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सना ७५ मिनिटे असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, आणि सायटिंगची, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या शॉट्सची, १५ मिनिटे वेगळी. घड्याळ समोर ठेवून हा हिशेब तिच्या सवयीचा करा.

ट्रिगरचे वजनही मोजा. नियमानुसार ते किमान ५०० ग्रॅम हवे. बाटलीत पाणी भरून, तारेच्या हुकासह किराणा दुकानाच्या काट्यावर ५१० ग्रॅम करा, पिस्तूल नळी वर करून उभे धरा, बाटली ट्रिगरला अडकवून जमिनीवरून उचला. ट्रिगर सुटला तर स्पर्धेच्या तपासणीत अडचण येऊ शकते. फार हलका ट्रिगर नवशिक्याला झटक्याकडेच नेतो.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये हॉलमध्ये भट्टी होते. कूलर लावावा का? लाइट गेली की स्कोअरही पडतो.
– क्रीडाशिक्षिका, जि. चंद्रपूर

उत्तर : ४५ अंशांत कॅनव्हासचे जाकीट घालून मुलाला उभे करू नका. सकाळी ६ ते ९ एवढाच सराव, त्यातही जाकिटावर सलग अर्ध्या तासाहून जास्त नाही. मध्ये बाहेर सावलीत बसवून पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी द्या. कूलर लावा, पण नेमबाजांच्या पाठीमागे तिरका. त्याचा झोत कार्डापर्यंत गेला तर कार्ड हलते आणि मुलाला वाटते आपलाच हात हलतो.

उजेडाचे म्हणणे खरे आहे. प्रकाश कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि साइट व काळे वर्तुळ दोन्ही पुसट होतात. कार्डावर किमान १५०० लक्स आणि हॉलमध्ये ३०० लक्स हवेत. प्रत्येक कार्डासाठी एक एलईडी फोकस, वरून, आणि नेमबाजाच्या डोळ्यावर न येणारा, एवढे जरी इन्व्हर्टरवर घेतले तरी पुरते. लाइट गेलेल्या दिवसाचा स्कोअर वहीत लिहा, पण सरासरीत धरू नका.

प्रश्न : शाळेला देणगीतून हवेच्या सिलिंडरची रायफल मिळाली. हवा कुठून भरावी?
– मुख्याध्यापक, जि. बुलढाणा

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन कधीही, कुणी कितीही खात्री दिली तरी, भरू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा थेंब भेटला की स्फोट होतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर १० बारच्या आसपास दाब देतो, मॅच रायफलीचे सिलिंडर २०० बारचे असते, त्यामुळे तोही कामाचा नाही. डायव्हिंगचे मोठे सिलिंडर आणि त्याचा ॲडॅप्टर, किंवा याच कामासाठी बनवलेला हातपंप, हे दोन मार्ग आहेत.

हवा सावकाश भरा. घाईत भरली तर सिलिंडर तापते, मीटर २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. मग मुले ‘गळती आहे’ म्हणून जोड उघडत बसतात. पावसाळ्यात पंपाच्या फिल्टरमधले पाणी प्रत्येक वेळी काढा. साधे मशीनचे तेल वॉशरला लावू नका, कंपनी सांगेल तेच सिलिकॉन ग्रीस. सिलिंडरवर कोरलेली तारीख आजच वाचा. या रायफलींच्या कंपन्या साधारणपणे निर्मितीपासून १० वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. देणगीच्या जुन्या रायफलीत हाच घोटाळा असतो. शॉट अचानक खाली पडू लागले तर मुलाला बोलण्याआधी मीटर पाहा.

प्रश्न : स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य मिळवल्यापासून आमची मुले ५० मीटर मारायची म्हणतात.
– प्रशिक्षक, जि. वर्धा

उत्तर : त्यांचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन: गुडघ्यावर, पालथे आणि उभे, प्रत्येकी २० शॉट. त्याला ५.६ मिलिमीटरची रायफल लागते. ती बंदूकच आहे, परवाना आणि मान्य रेंजशिवाय तिला हात लावता येत नाही. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल परवान्यातून मुक्त आहे, म्हणून शाळेचा रस्ता तिथूनच जातो. मुलांना सांगा की १० मीटरचा सगळा सराव उभ्यानेच असतो आणि थ्री पोझिशनमध्ये उभी स्थितीच सर्वांत अवघड. आज घातलेला एकही तास तिथे वाया जात नाही.

प्रश्न : मुले सात, संघात जागा तीन. दर वर्षी रुसवे-फुगवे होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले येत नाहीत ते वेगळेच.
– संघ व्यवस्थापक, जि. अकोला

उत्तर : निकष आधी फळ्यावर लिहा, चाचण्या नंतर घ्या. पाच चाचण्या, त्यांतल्या सर्वोत्तम चार धरायच्या. म्हणजे वेचणीमुळे एक चुकली तरी मूल बाहेर पडत नाही. तारखा दिवाळीच्या आधी आणि नंतर विभागा. प्रत्येक चाचणी घड्याळ लावून, अनोळखी माणसे मागे उभी करून, आणि निदान एक दुसऱ्या गावाच्या रेंजवर.

नुसती सरासरी पाहू नका. समजा एकाचे ४० शॉट्सचे स्कोअर ३६५, ३७१, ३५२, ३७४, ३४८ आणि दुसऱ्याचे ३६१, ३६३, ३६०, ३६४, ३६२. पाचांची सरासरी दोघांचीही ३६२. निकषातल्या सर्वोत्तम चारांत पहिला पुढे जातो: ३६५.५ विरुद्ध ३६२.५. फळ्यावर लिहिले तेच पाळा, त्याला जागा द्या. पण त्याच्या वहीत ३४८ आणि ३५२ च्या दिवशी काय लिहिले आहे ते त्याच्याबरोबर बसून वाचा. झोप, डबा, उशिरा आलेली एसटी, सैल बुटाची नाडी, काहीतरी सापडतेच. दुसऱ्याला मात्र ‘तू हळू आहेस’ असे म्हणू नका. त्याची पद्धत पक्की झाली आहे, आता त्याला पवित्र्यात एखादी दुरुस्ती हवी. डोळे मिटून दोन श्वास घ्यायला सांगा, मग डोळे उघडू द्या. रायफल निशाणाच्या बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणू नये, मागचा पाय सरकवावा. एवढ्यानेही काही मुलांचे आडवे पसरलेले ग्रुप गोल होतात.

प्रश्न : वावरात रोही आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. मुलाकडे शाळेची एअर रायफल सरावासाठी घरी असते. नुसते हाकलायला वापरली तर चालेल का?
– शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. नुकसान खरे आहे आणि तुमचा संतापही समजतो, पण छर्ऱ्याने जनावर मरत नाही, जखमी होऊन भरकटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो आणि त्यात शाळेची रायफल, मुलाचे नाव आणि सगळ्या संघाचा सराव अडकतो. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे करा, पंचनामा करून घ्या.

शाळेलाही आमचे सांगणे आहे: रायफल मुलाबरोबर घरी जाऊ नये. रायफली एका कपाटात, छर्रे दुसऱ्यात, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि बाहेर काढली–परत ठेवली याची वेळ व सही रजिस्टरात. घरच्या सरावासाठी त्याच वजनाचा लाकडी दांडा सुताराकडून करून द्या. उभे राहून होल्डिंग, म्हणजे नेम धरून स्थिर राहण्याचा सराव, करायला तो पुरतो. तुमच्या घरची रायफल उद्या सकाळी शाळा उघडताच स्वतः नेऊन द्या आणि रजिस्टरात सही झालेली पाहूनच परत या.