पिनबॉल यंत्राचा जुना बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

सन १९८० च्या सुमारास बनलेल्या बॅली कंपनीच्या पिनबॉल यंत्राचा मुख्य बोर्ड नागपुरात दुरुस्त करून घ्यावा की नवा मागवावा, असा आपला प्रश्न आहे. बोर्डावरील ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम बॅटरीने किती नासधूस केली आहे, ते आधी पाहावे. ती गळली की तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि आयसीचे (चिपचे) सॉकेट, म्हणजे ती बसवायच्या खोबणी, आतून कुजतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर बॅटरी लवकरच म्हातारी होते. थर बॅटरीभोवतीच असेल, तर ती काढून, जागा पातळ व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सॉकेट व कनेक्टरच्या पिना बदलल्यास बोर्ड बहुधा पुन्हा चालतो, आणि एवढे सामान सीताबर्डीच्या बाजारात मिळायला हरकत नाही. पट्ट्याच खाल्ल्या गेल्या असतील, तर मात्र मी डागडुजीच्या नादी न लागता आधुनिक घटकांचा, बॅटरीविना गुणसंख्या जपणारा पर्यायी बोर्ड घेईन. तो बसवण्यापूर्वी वीजपुरवठ्याचे ५ व्होल्ट मीटरने मोजावेत आणि कॉइल (फ्लिपर वगैरे हलवणारे तारेचे वेटोळे) चालवणारे ट्रान्झिस्टर तपासावेत, कारण शॉर्ट झालेला एकच ट्रान्झिस्टर कॉइल सतत चालू ठेवून ती जाळतो.