आमच्या कंपनीतल्या अडचणींची नोंद नीट राहत नाही. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमची कंपनी समजा सत्तर माणसांची. तक्रारी निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, थोड्या ईमेलवर, उरलेल्या चहाच्या टपरीवर. तीच भानगड दर दोन महिन्यांनी डोकं वर काढते, मागच्या वेळी काय केलं होतं ते कुणाला आठवत नाही, आणि मालक म्हणतात की एखादं सॉफ्टवेअर घेऊन टाका. तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला अर्थ हा.

सहा महिने काहीही विकत घेऊ नका. एक वही किंवा एक गूगल शीट पुरे. का ते सांगतो, पण त्यासाठी थोडं आमच्याकडचं रामायण ऐकावं लागेल.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं क्वालिटी सांभाळतोय. व्हॉल्व्ह तयार झाला की त्यात पाणी भरून, ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासतात. अंग कुठे पाझरत नाही ना, ते बघायचं. एका वर्षी आमचे तीन इंची गेट व्हॉल्व्ह मधूनच बॉनेटच्या (वरच्या झाकणाच्या) जोडाशी गळायला लागले. रोज नाही, सगळे नाहीत. ग्रुपवर मेसेज पडायचे: ‘गॅस्केट खराब आहे’, ‘बॉनेट लिकेज’, ‘टेस्टिंगमां फेल’, ‘बोल्ट ढीला है’. चार जणांनी चार भाषांत चार नावं ठेवली, म्हणून आम्हाला त्या चार वेगळ्या गोष्टी वाटल्या. कुणी गॅस्केट (जोडात बसणारी चकती) बदललं, कुणी बोल्ट आवळले, परचेसवाल्याने गॅस्केटच्या सप्लायरला झापलं. प्रत्येक मेसेजखाली अंगठा आणि दोन शब्द: ‘थई जशे’, म्हणजे होऊन जाईल.

माझे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत, कोठीतल्या दप्तरात होते. 1949 साली संस्थान विलीन झालं तोवर. मोडीतले कागद रुमालात बांधायचे, रुमालाला चिठ्ठी लावायची, असं काम. ते म्हणायचे, कागद हरवत नाही, रुमाल चुकतो. आमच्या ग्रुपवर मेसेज सगळे होते. रुमाल नव्हता.

शेवटी कंटाळून मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. नंबर, तारीख, पाळी, कुठलं मशीन किंवा कुठला माल, डोळ्याने काय दिसलं, कोणी पाहिलं, त्या वेळेपुरतं काय केलं, आता कोणाकडे दिलंय, कधीपर्यंत. ‘कारण’ हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. माणूस ‘गॅस्केट खराब’ असं लिहितो तेव्हा तो निकाल लिहीत असतो. एकदा निकाल लिहिला गेला की पुढचा माणूस गॅस्केटच बघतो. ‘बॉनेटच्या जोडातून, स्टेमच्या उजव्या अंगाने थेंब, दाब चढवल्यावर दोन मिनिटांनी’ असं लिहिलं तर पुढच्याला विचार करायला जागा राहते. हे शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अजूनही नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात ‘ऑपरेटरची चूक’ लिहून मोकळं होतं. भाषा कुठलीही चालेल असं सांगून ठेवलंय: गुजराती, मराठी, हिंदी. आमच्या दुसऱ्या पाळीत निम्मी पोरं यूपी-बिहारची आहेत. मराठीत लिहा म्हटलं असतं तर त्यांनी कशाला लिहिलं असतं?

दोन महिन्यांनी पानं उलटताना दिसलं की गळतीच्या जवळजवळ सगळ्या नोंदी दुसऱ्या पाळीच्या आहेत. चार नावांची दुखणी एकाच रकान्याखाली ओळीने उभी होती. मी संध्याकाळी थांबलो. पंचमहालकडचा एक फिटर साध्या पान्याला पाईप घालून बॉनेटचे बोल्ट आवळत होता. विचारलं, टॉर्क रेंच कुठे? (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना तो.) तो म्हणाला, ‘साहेब, टॉर्कवाळुं पानुं तो कबाटमां छे, ने चावी जनरल शिफ्टवाळा लई जाय छे.’ कपाटाला कुलूप का? कारण मागे एक रेंच चोरीला गेला होता आणि कुलूप लावायचा हुकूम निघाला होता. हुकूम कुणाचा? माझा. खाली सहीसुद्धा माझी.

टोयोटावाले ‘का’ पाच वेळा विचारतात असं तुम्ही कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेल. साकिची टोयोडांच्या नावावर ती पद्धत सांगतात. ट्रेनिंगमध्ये ती फार सोपी वाटते. खरं म्हणजे पाचव्या ‘का’पाशी बहुधा साहेब उभा असतो, म्हणून बरेचसे लोक दुसऱ्या ‘का’ला थांबतात आणि ‘फिटरला समज दिली’ लिहून फाइल मिटवतात. आमच्या जुन्या ऑडिटच्या फायलींत ‘समज दिली’ इतक्या वेळा आहे की त्याचा शिक्काच करून घ्यायला हवा होता.

ऑडिटचा विषय निघालाच आहे तर. तुमच्याकडे आयएसओ (क्वालिटीचं प्रमाणपत्र) असेल तर 9001 च्या 2015 च्या आवृत्तीत कलम 10.2 बघा. काय बिघडलं, त्यावर काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला याची लेखी नोंद ठेवा, नोंदीच्या बाबतीत एवढंच ते मागतं. फॉर्म कसा असावा हे कुठेही लिहिलेलं नाही. तरी लोक ऑडिटची एक सुबक फाइल आणि खऱ्या भानगडींची एक चोपडी अशी दोन खाती चालवतात, आणि ऑडिटच्या आदल्या आठवड्यात चार पेनांनी, चार हस्ताक्षरांत फाइल भरतात. आम्हीही केलंय. आता ऑडिटरपुढे तीच मळकी वही ठेवतो. आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. वही पहिल्यांदा प्रॉडक्शन मॅनेजरच्या टेबलावर ठेवली होती. तीन आठवड्यांत चार नोंदी, त्यातल्या दोन पंख्याच्या. ज्याच्या हातात माझं ओव्हरटाइम आहे त्याच्यासमोर उभं राहून ‘तुमच्या लाइनवर हे बिघडलं’ कोण लिहिणार? वही स्टोअरच्या खिडकीशी खिळ्याला टांगली आणि आठवड्याभरात पान भरलं. अमेरिकेत विमान चालवणाऱ्यांना आपल्या हातून झालेली किंवा थोडक्यात टळलेली चूक कळवता यावी म्हणून 1976 पासून एक व्यवस्था आहे. त्यात वैमानिकाचं लायसन्स जिच्या हातात असतं त्या खात्याकडे अहवाल जात नाहीत. ते जातात नासाकडे, कारण नासा दंड करू शकत नाही. वैमानिकांची गोष्ट वेगळी, आमचे फिटर वेगळे, पण दंड करणाऱ्याच्या टेबलावर वही ठेवायची नाही हे दोन्हीकडे सारखंच.

आणि नोंद बंद कोणी करायची? ज्याने मांडली त्याने. दुरुस्त करणाऱ्याने नाही, साहेबानेही नाही. मेंटेनन्सवाला म्हणेल झालं, तरी लिहिणाऱ्याची सही पडेपर्यंत ती ओळ उघडी. यावरून आमच्याकडे भांडणं झाली. मेंटेनन्सचा इन्चार्ज म्हणाला, मग ही माणसं मला नाचवतील. एक-दोघांनी नाचवलं पण. तरीही नियम बदलला नाही. कारण लोक वहीत लिहायचं का सोडतात, तर लिहून काही झालंय हे त्यांना कळत नाही म्हणून. काम होऊन गेलेलं असतं, पण ते झाल्याचं सांगायला लिहिणाऱ्याकडे कुणी जात नाही. सहीसाठी जावं लागतं, तेव्हा सांगितलं जातं. काम करणार नसाल तर तेही लिहा: ‘खर्च परवडत नाही, दिवाळीनंतर बघू’. हे चालतं. ‘थई जशे’ हा शब्द मात्र वहीत लिहायला बंदी आहे. बोलायला परवानगी आहे, नाहीतर बडोद्यात राहणं अवघड.

घटना आणि दुखणं वेगळं ठेवा. आज दुपारी व्हॉल्व्ह गळाला, ही घटना. तिची एक ओळ. असे दहा व्हॉल्व्ह का गळतात, हे दुखणं. त्याला मागच्या बाजूने वेगळं पान, आणि त्यावर त्या दहा ओळींचे नंबर. आयटीवाले याच दोघांना इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम म्हणतात. घटना त्याच दिवशी मिटू शकते, दुखणं महिनाभर चालतं. दोन्ही एकाच यादीत कोंबली की यादी कधीच संपत नाही आणि दर बुधवारच्या मीटिंगला सगळ्यांची तोंडं उतरतात.

शीट करणार असाल तर एका ओळीत एकच अडचण, नंबर पुन्हा वापरायचा नाही, दोन खाने जोडून एक (मर्ज) करायचे नाहीत, आणि ओळ पुसायची परवानगी कुणालाच नाही. स्थिती निवडायला चारच शब्द ठेवा. आमच्या शीटमध्ये एकेकाळी ‘प्रोसेसमध्ये’, ‘चालू’, ‘काम सुरू’ आणि ‘बघतोय’ असे एकाच अर्थाचे चार प्रकार होते.

मालकांना आधीच सांगून ठेवा की पहिले तीन महिने आकडा वाढणार आहे. आमचे शेठ घाबरले होते: वही आणल्यापासून कंपनीत लफडी वाढली! लफडी तेवढीच होती, दिसायला लागली होती. सगळ्यात वाईट म्हणजे ‘ज्या खात्याच्या नोंदी कमी त्याला बक्षीस’. असं कोणी सुचवलं तर हात जोडा. दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील.

दोन गोष्टी या वहीत येऊ देऊ नका. एक, पगार-रजेची भांडणं, ती एचआरकडे. दुसरी जास्त गंभीर: बाईमाणसाला झालेल्या छळाची तक्रार. 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार करणारीचं नाव व तपशील बाहेर फोडणं हा त्याच कायद्याचा भंग आहे. खिळ्याला टांगलेली वही ही त्याची जागा नव्हे.

सॉफ्टवेअर केव्हा? उघड्या ओळी एका माणसाला अर्ध्या तासात वाचून होईनात, किंवा दुसरं युनिट सुरू झालं, तेव्हा. घेताना बघा की मोबाइलवरून फोटो टाकता येतो का, गुजराती-मराठीत लिहिता येतं का, कोणी काय बदललं याचा माग राहतो का आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का. शेवटचं विसरू नका, विकणारा स्वतःहून सांगत नाही. जिरा हे नाव तुमच्या कानावर येईल. ते सॉफ्टवेअर 2002 साली प्रोग्रामर लोकांच्या चुकांची नोंद ठेवण्यासाठी आलं. ते बनवणारे लोक त्याआधी बगझिला नावाचं तसलंच सॉफ्टवेअर वापरायचे, म्हणून गॉडझिलाच्या जपानी नावावरून, गोजिरावरून, हे नाव पडलं. चांगलं आहे, पण हातात ग्रीस लागलेल्या माणसाला त्यातल्या बारा चौकटी भरायला लावाल तर तो परत व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल.

सुरुवात एका रविवारी करा. ग्रुपवरचे मागच्या दोन महिन्यांचे मेसेज खालपासून वर वाचत जा आणि एकेक ओळ उतरवा. मला सकाळचे साडेनऊ ते दुपारचे तीन लागले, मध्ये सेव उसळ मागवली. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि गुड मॉर्निंगची फुलं वगळली तर काम वाटतं तेवढं नाही.

त्या कपाटाची किल्ली आता वहीच्याच खिळ्याला असते. दुसऱ्या पाळीत ती अधूनमधून गायब होते. नोंद क्रमांक 188, अजून उघडी आहे.