अमेरिकन टीमसोबत काम केलंय, आता लंडनची टीम मिळतेय. ब्रिटिश आणि अमेरिकन लोकांच्या बोलण्यात आणि विनोदात खरंच इतका फरक असतो का?

हो, असतो. पण तो लिफ्ट-एलिव्हेटर, फ्लॅट-अपार्टमेंट असल्या शब्दांत नाहीये. त्या याद्या नेटवर ढिगाने पडल्यात आणि त्यातले निम्मे वाद तसेही फुकाचे असतात, म्हणजे सॉकर म्हणतात म्हणून ब्रिटिश लोक अमेरिकनांची खेचतात पण तो शब्द मुळात इंग्लंडमध्येच, ऑक्सफर्डच्या पोरांनी असोसिएशन फुटबॉलचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉलचं, लाडाचं नाव म्हणून काढलेला. शब्द काय, चार दिवसांत कळतात. पंचाईत होते ती शब्द ओळखीचा असतो पण त्याचं वजन वेगळं असतं तिथे.

मी पुण्यात बसून एकाच प्रोजेक्टसाठी लंडन आणि शिकागो दोन्हीकडच्या लोकांशी बोलतो, बऱ्याचदा एकाच कॉलवर, म्हणून मला जे दिसतं ते सांगतो. अमेरिकन माणूस शब्द फुगवून बोलतो. साधी एक्सेल शीट पाठवली तरी ऑसम, फँटास्टिक, आय लव्ह इट. तुम्हाला याची सवय झालीच असेल. ब्रिटिश माणूस उलट, सगळं दोन पायऱ्या खाली आणून बोलणार. 'नॉट बॅड' म्हणजे छान झालंय. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, अजून हवं होतं. अमेरिकेत हेच क्वाइट गुड म्हणजे खरंच चांगलं, त्यामुळे लंडनच्या मॅनेजरने शिकागोच्या माणसाला अप्रेझलमध्ये ते लिहिलं की वाचणारा खुश आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण पुरेसं स्पष्ट सुनावलंय. 'इंटरेस्टिंग' म्हणाले तर बहुतेक वेळा पटलेलं नसतं. आणि 'आय विल बेअर इट इन माइंड' म्हणजे आपल्याकडे मुलगी बघून झाल्यावर चपला घालता घालता 'कळवतो' म्हणतात ना, अगदी तेच.

एकदा रिलीजची तारीख ठरवायचा कॉल होता. लंडनच्या बाई, अनुभवी, आवाज कधी चढत नाही, म्हणाल्या, 'आय ॲम जस्ट अ टायनी बिट कन्सर्न्ड अबाउट द ट्वेंटिएथ.' शिकागोचा मॅनेजर लगेच, 'ग्रेट, सो वी आर गुड फॉर द ट्वेंटिएथ!' मग जरा वेळ कोणीच बोलेना. बाई म्हणाल्या, 'राइट.' बस, एवढंच. संध्याकाळी त्यांची मेल आली, सुरुवातच 'ॲज आय मेन्शन्ड ऑन द कॉल' आणि खाली वीस तारीख का शक्य नाही याची ही भलीमोठी जंत्री. त्यांच्या हिशोबाने त्यांनी कॉलवर कडक विरोध नोंदवला होता. आणि शिकागोवाला मला पिंग करून विचारतोय, 'ही हे कधी म्हणाली?'

हा गोंधळ आजचा नाही. एप्रिल १९५१, कोरियाचं युद्ध, इम्जिन नदीवर ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची तुकडी चिनी सैन्याने घेरलेली. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी आपल्या अमेरिकन वरिष्ठांना, जनरल सोल यांना परिस्थिती सांगताना शब्द वापरला 'अ बिट स्टिकी', असं सांगतात. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ आम्ही मेलो, काहीतरी करा. अमेरिकन कानाला वाटलं थोडं अवघड दिसतंय पण पोरं निभावतायत. शेवटी पाचशेच्या वर सैनिक चिन्यांच्या हाती कैदी म्हणून सापडले. सगळा दोष त्या एका वाक्यावर टाकणं जरा जास्तच होईल, लढाईत शंभर कारणं असतात, पण माझ्या टीममध्ये नवीन माणूस आला की मी ही गोष्ट सांगतोच.

आणि ब्रिटिशांचा विनोद याच सवयीतून येतो, वेगळा काढून दाखवता येत नाही. २४ जून १९८२ ची ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९ घ्या (लंडनहून निघून आपल्या मुंबईत थांबून पुढे गेलेलं विमान). क्वालालंपूर सोडल्यावर जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि जंबो जेटची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांची अनाउन्समेंट काय, तर आपल्याला एक छोटासा प्रॉब्लेम आलाय, चारही इंजिनं बंद पडलीयत, ती सुरू करायचा आम्ही जिवापाड प्रयत्न करतोय, तुम्हाला फार त्रास होत नसावा अशी आशा आहे. इंजिनं नंतर सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं, पण राखेने समोरची काच इतकी घासली गेली होती की बाहेरचं जवळजवळ काही दिसत नव्हतं, तर त्या लँडिंगचं वर्णन मूडींनी केलं ते बिजूच्या ढुंगणातून वर वाट काढण्यासारखं होतं असं. आता यातलं 'छोटासा प्रॉब्लेम' हा जोक आहे का? आहेही आणि नाहीही. तिथेच तर मजा आहे, ते कोणी सांगत नाही.

अमेरिकन माणूस जोक करतो तेव्हा तो जोक आहे हे तुम्हाला कळवतो, आवाज बदलतो, स्वतः हसतो, नाहीतर शेवटी 'जस्ट किडिंग' लावतो. गंभीर बोलणं एकीकडे, मस्करी एकीकडे. ब्रिटिश माणसाचं दोन्ही एकत्रच चालू असतं, चेहरा तोच, सूर तोच, आणि 'मी जोक केला' असं सांगावं लागलं तर तो त्याला स्वतःचा अपमान वाटतो. माझा आपला अंदाज असा की अमेरिकेत दहा देशांतून आलेली माणसं शेजारी शेजारी राहायची, तिथे जोक उघडा करूनच सांगावा लागत असणार. ब्रिटनमध्ये ऐकणाऱ्याला आतली गोष्ट आधीच माहीत आहे असं धरून चालतात, आणि माहीत नसेल तर तुम्ही बाहेरचे हेही त्याच फटक्यात ठरतं. तो क्लासचा, म्हणजे तिथल्या वरच्या-खालच्या वर्गांचा भाग आहे, थोडा खडूसच म्हणा.

पण म्हणून अमेरिकनांना आयरनी कळत नाही हे जे ब्रिटिश लोक पसरवतात ते साफ खोटं. द ओनियन, खोट्या बातम्या देऊन टर उडवणारं वर्तमानपत्र, तिथलंच. साइनफेल्ड ही विनोदी मालिका तिथलीच, जिच्या लिहिणाऱ्यांचा नियमच होता की शेवटी मिठ्या नाहीत आणि धडे नाहीत. असा नियम करावा लागला यावरूनच कळतं म्हणा बाकीच्या मालिकांत काय चालायचं. तसंच उलटही. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा माणूस तोंडावर बोलतो, तिथे हे लंडनचं गोल गोल नाही चालत. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बाई गोड हसून 'ब्लेस युअर हार्ट' म्हणाल्या तर समजायचं त्यांनी तुम्हाला मूर्खात काढलंय.

द ऑफिसचं उदाहरण द्यायलाच हवं कारण एकच मालिका दोन्हीकडे झालीय. ब्रिटिश २००१ ते २००३, ख्रिसमसचे धरून १४ भाग. अमेरिकन २००५ ते २०१३, २०१ भाग. अमेरिकेतला पहिला भाग जवळपास ब्रिटिश स्क्रिप्टवरूनच केला होता आणि तो कोरडाच वाटतो, मग दुसऱ्या सीझनपासून त्यांनी बॉसला मऊ केला. ब्रिटिश मालिकेतला बॉस डेव्हिड ब्रेंट बघताना आपल्यालाच लाज वाटते आणि शेवटी त्याची नोकरी जाते. अमेरिकन बॉस मायकल स्कॉट गाढवपणा करतो पण त्याला माणसं धरायची असतात, कामात तो खरोखर हुशार सेल्समन निघतो. लोक याला ब्रिटिश क्रूर आणि अमेरिकन हळवे असं म्हणून मोकळे होतात, पण मला यात धंद्याचा भाग मोठा वाटतो. ब्रिटनमध्ये एक-दोन लेखक बसून सहा भाग लिहितात आणि दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळतात. अमेरिकेत टीव्ही नेटवर्कला वर्षाला वीस-बावीस भाग हवेत, खोलीभर लेखक ठेवलेले. ज्याचा राग येतो असा माणूस १४ भाग सहन होतो, दोनशे भाग दर आठवड्याला घरात कोण घेईल? (मला स्वतःला ब्रिटिश जास्त भारी वाटते, पण जेवताना लावायची असेल तर अमेरिकनच लावतो.)

आता तुमच्या कामाचं. लंडनवाल्यांनी 'स्लाइटली', 'अ बिट', 'पर्हॅप्स' असं काही म्हटलं की तिथेच थांबून सरळ विचारा, मग तारीख बदलायची का? सरळ प्रश्नाला ते सरळ उत्तर देतात, फक्त स्वतःहून देत नाहीत. मीटिंगमध्ये 'लेट्स टेबल इट' आलं तर कोण बोलतंय ते बघा, ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ विषय चर्चेला घेऊ, अमेरिकेत बाजूला ठेवू. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची यावरून चांगलीच जुंपली होती, चर्चिल यांनी ते लिहून ठेवलंय.

मस्करीचं म्हणाल तर ते तुमची खेचायला लागले की खुश व्हा, तुम्ही टीममध्ये आलात. फार अदबीने 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' वगैरे बोलायला लागले की मात्र सावध. उत्तर द्यायचंच तर स्वतःवर जोक करा, आपल्या डिग्रीबद्दल वगैरे सांगायला जाऊ नका, तिथे ते फार जड होतं. आणि सकाळी कोणी 'ऑल राइट?' म्हणालं तर नुसतं 'ऑल राइट' म्हणा आणि पुढे चला, तुमच्या सर्दीचं कोणी विचारलेलं नसतं.