आईला घेऊन मुंबईत खायचं कुठं?

प्रश्न : ताई, जानेवारीत तीन दिवस मुंबईला येतोय, मी, आई आणि माझा नववीतला मुलगा. आई ७२ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, गुडघे दुखतात, त्यात एक दिवस तिची संकष्टी आलीय. मुलाला मासेच पाहिजेत. भाऊ म्हणतो मॉलमधे जा, सगळं एका जागी मिळतं, पण मला ते नको वाटतंय, आईचं परत मुंबईला येणं होईल की नाही माहीत नाही. राहणार दादरला. कुठं नेऊ तिला? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादरला उतरताय ना, मग अर्धं काम झालंच म्हणा. मॉल विसरा. आणि तीन दिवसांत दहा ठिकाणं करायची असं अजिबात ठरवू नका, दादर, माटुंगा आणि एक दिवस गिरगाव, बास.

संकष्टीचा दिवस आधी ठरवा. त्या दिवशी शिवाजी पार्कजवळ प्रकाश उपहार केंद्रात आईला साबुदाणा वडा आणि पीयूष द्या. वडा आल्या आल्या चमच्याने मधोमध फोडायचा, वरचं कुरकुरीत कवच मोडतं आणि आतून वाफ येते, साबुदाणा मऊ पण चिकट गोळा नाही, दाण्याचा कूट दाताखाली येतो. वाफ जाऊ दे मग खायला सांगा, जीभ भाजते. पीयूष म्हणजे ताक नव्हे हं, श्रीखंडाच्या वळणाचं दाटसर, जायफळाचा वास असलेलं, म्हणून तिघांत दोन ग्लास पुरतात. जागा छोटी, गर्दी कायम, त्यामुळे दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास जा. आणि संकष्टीला संध्याकाळी सिद्धिविनायकाच्या बाजूला आईला नेऊ नका, रांग बघूनच गुडघे दुखतील. चंद्रोदय नऊच्या आसपास असतो, तोवर मुक्कामी निवांत पडू दे त्यांना.

सेनाभवनाजवळचं आस्वाद तुम्हाला सगळेच सांगतील, तिथल्या मिसळीला २०१५ मधे लंडनचा पुरस्कारही मिळाला होता. पण तुम्ही सांगलीचे, म्हणून मनापासून सांगते, आपल्याकडची तर्री डोक्यात ठेवून जाल तर मुलगा म्हणेल ही कसली मिसळ, गोडसर आहे. दादरची मिसळ सौम्यच असते आणि मला ती तशीच आवडते, पण पहिल्यांदा जाताय तर थालीपीठ घ्या, लोण्याबरोबर. आईला तेच आवडेल.

माटुंग्याला सकाळी जा. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, १९४० पासूनचं. रसम-वडा आणि फिल्टर कॉफी. शनिवार-रविवारी बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं म्हणून मधल्या वारी आणि आठच्या आत पोचा. जेवायचं असेल तर माटुंगा स्टेशनसमोर रामा नायकांचं उडुपी आहे, १९४२ चं, केळीच्या पानावर वाढतात, आधी काउंटरवर कुपन घ्यायचं आणि मग पोटभर. फक्त ते पहिल्या मजल्यावर आहे! हे कुणी सांगत नाही. मी माझ्या आईला एकदा असंच एका नावाजलेल्या ठिकाणी नेलं होतं, फोनवर विचारलं नाही, वर जिना आणि खाली बसायला एक खुर्ची नाही, पाऊण तास ती भिंतीला टेकून उभी होती आणि वर गेल्यावर तिची भूकच मेली. तेव्हापासून मी कुठंही जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारते, जिना आहे का, बसायला जागा आहे का, आणि गर्दी कधी नसते. तुम्हीपण विचारा, लाजू नका.

गिरगावला जायला आता भुयारी मेट्रो आहे, दादरहून थेट, लिफ्ट आहेत, लोकलच्या पुलांची दगदग वाचली. ठाकूरद्वारला विनय हेल्थ होममधे काहीतरी खाऊन घ्या, मग टॅक्सीने धोबीतलावला कयानी. १९०४ चा इराणी कॅफे, संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडी खुर्च्या. ब्रुन मस्का, म्हणजे लोणी लावलेला पाव, चहात बुडवून. ब्रुन कडक असतो, आईच्या दाताला झेपणार नाही, त्यांच्यासाठी बन मस्का सांगा. आईला अंडं चालत नसेल तर मावा केक तुम्ही आणि मुलानेच खा.

आता मासे. जानेवारी आहे म्हणजे काळजी नाही, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा विचारलं असतं तर थांबा म्हटलं असतं. दादरलाच सिंधुदुर्ग नावाचं हॉटेल आहे, मालवणी. मुलाला बोंबील फ्राय आणि सोलकढी सांगा, सुरमई सगळीकडे मिळते, असा बोंबील तुमच्याकडे मिळायचा नाही. बाहेरून रव्याचा कुरकुरीत थर आणि आत जवळजवळ विरघळणारा, गरम आहे तोवर संपवायचा. पण आईला त्या टेबलावर बसवू नका हो. माशाच्या वासात शुद्ध शाकाहारी माणसाला नुसता वरणभात पण गिळत नाही, आणि आई तोंडाने काही बोलणार नाहीत. तुम्ही आईबरोबर आस्वादला बसा, मुलगा नववीत आहे, जवळच आहे, त्याला पैसे देऊन एकट्याला पाठवा.