तक्ता चोख आहे, पण त्यात मुलगी कुठे आहे?

नमस्कार,

मुलीने विद्यापीठातली रिस्क मॅनेजमेंटची, म्हणजे जोखीम व्यवस्थापनाची, नोकरी घेऊ नये असं सांगणारं तुमचं पत्र आणि सोबतचा त्या नोकरीतल्या धोक्यांचा तक्ता, दोन्ही वाचले. आधी तक्ता वाचला, कारण पत्रापेक्षा त्यावर जास्त मेहनत घेतलेली दिसली. 17 ओळी. प्रत्येक ओळीत एक धोका, त्याची शक्यता, त्याचा परिणाम आणि शेवटी लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. बँकेत 31 वर्षं काढलेल्या माणसाचा हात लपत नाही. 'पगार कमी राहील', लाल. 'बढतीला वाव नाही', लाल. 'काय काम करते हे नातेवाइकांना सांगता येणार नाही', हेसुद्धा लाल! इथे मला हसू आलं, माफ करा.

पत्रात मात्र मुलीला शोधावं लागलं. वय 24, एम.कॉम., अंतर्गत लेखापरीक्षणाचा दोन वर्षांचा अनुभव, आणि आता एका विद्यापीठाच्या रिस्क मॅनेजमेंट विभागात सहायक म्हणून नेमणूक होते आहे, एवढं कळलं. बाकी सगळीकडे 'आम्ही ठरवलंय', 'आम्हाला वाटतं', 'आम्ही चौकशी केली'. तिचं म्हणणं काय, यावर अख्ख्या पत्रात एकच वाक्य आहे: 'ती ऐकत नाही.'

तिच्या नोकरीपेक्षा मला या वाक्याची काळजी वाटली.

तुम्हाला कळेल अशाच भाषेत सांगते. आयएसओ 31000 हे जोखीम व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक 2009 साली आलं आणि 2018 साली सुधारलं गेलं. त्यात जोखीम म्हणजे अनिश्चिततेचा उद्दिष्टांवर होणारा परिणाम. उद्दिष्टच ठाऊक नसेल तर जोखीम मोजणार कशाच्या तुलनेत? तुमच्या तक्त्यात उद्दिष्टाचा रकानाच नाही. 'कमी पगार' हा मोठा धोका आहे की किरकोळ, हे तिला आयुष्यात काय हवंय यावर ठरेल, आणि ते तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. दुसरं म्हणजे, 'जोखीम कोणाची' या रकान्यात सतराही ओळींत 'आई-वडील' लिहिलंय. एखाद्या शाखेने असा कागद पाठवला असता तर तुम्ही तो उभ्या उभ्या परत केला असता.

आता तुमचा मुख्य आक्षेप. 'विद्यापीठात कसली आलीय जोखीम? फार तर पेपर फुटेल.' हा गैरसमज बँकवाल्यांमध्ये बराच आहे, कारण जोखीम म्हटलं की त्यांना बुडीत कर्जच दिसतं. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात 1909 पासून एक परंपरा होती. फुटबॉलच्या मोठ्या सामन्याआधी विद्यार्थी स्वतः झाडं तोडून ओंडक्यांची प्रचंड होळी रचायचे. रचना कशी करायची, हे जुने विद्यार्थी नव्यांना सांगत. हजारो ओंडके, पण कुणा इंजिनीअरने तपासलेला आराखडा नाही. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे, काम चालू असतानाच, तो डोलारा कोसळला. 12 जण गेले, 27 जखमी झाले. चौकशी आयोगाने कुणा एकावर बोट ठेवलं नाही. रचना सदोष होती हे तर सांगितलंच, पण ती तशी होऊ देणारे निर्णय अनेक वर्षांत थोडे थोडे साचत गेले आणि संस्था म्हणून त्यावर कुणाचंच नियंत्रण नव्हतं, हेही सांगितलं. त्या विद्यापीठात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कमी होते का? ज्ञान होतं. ते त्या ढिगापर्यंत पोचवणं हे कुणाचंच काम नव्हतं. तुमच्या मुलीला जी खुर्ची मिळते आहे, ती नेमकी या कामासाठी असते.

हे जुनं वाटत असेल तर अलीकडचं घ्या. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर 2019 मध्ये एक फसवा ईमेल उघडला गेला. घुसखोर दोन महिने आतच फिरत होते, आणि ऐन नाताळच्या तोंडावर त्यांनी सर्व्हरला कुलूप घातलं. विद्यापीठाने 30 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, मोजले. खंडणी द्यायची की नाही, हे संगणक विभागाने ठरवायचं नसतं. परीक्षा, संशोधन, पगार, अब्रू, सगळंच पणाला लागलेलं असतं. क्योटो विद्यापीठात तर डिसेंबर 2021 मध्ये महासंगणकावरचा सुमारे 77 टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि तोही बॅकअपच्या प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे! 14 संशोधन गटांना फटका बसला.

तरीही कर्जाच्याच भाषेत हवं असेल तर तेही आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या दोन कॉलेजांनी चिनी विद्यार्थ्यांची फी अचानक आटली तर म्हणून विमा उतरवला. वर्षाला सुमारे 4 लाख 24 हजार डॉलर हप्ता, 6 कोटी डॉलरपर्यंत संरक्षण. एकाच ग्राहकवर्गावर उत्पन्न टेकलेलं असणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

तुम्ही सुचवलेलं एफआरएम, म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजरचं प्रमाणपत्र, वाईट नाही. दोन भागांची परीक्षा, भर मार्केट आणि क्रेडिट रिस्कवर, म्हणजे बाजारातल्या चढउतारांवर आणि कर्जं बुडण्यावर. बँकेत जायचं तर उत्तम. विद्यापीठात काम करायचं तर इन्स्टिट्यूट ऑफ रिस्क मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र जास्त जवळचं, पण तेही वर्षभर काम केल्यावर.

ही नोकरी गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. प्राध्यापकांना कुणी हुकूम देऊ शकत नाही. प्रयोगशाळा, वसतिगृह, ग्रंथालय, प्रत्येकाचं आपलं संस्थान असतं. रिस्कवाल्यांकडे अधिकार जवळपास नसतो, पटवून द्यावं लागतं. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. काही ठिकाणी तर हा विभाग म्हणजे वर्षातून एकदा रंगीत तक्ता भरून समितीपुढे ठेवणं, एवढाच असतो. (तक्ता रंगवण्याचा शौक घरचाच दिसतो, तेव्हा तेवढं तिला जमेल.) तशा ठिकाणी दोन वर्षांत माणूस गंजतो.

म्हणून हो म्हणण्याआधी तिने तिथे तीन गोष्टी विचाराव्यात. विभागप्रमुख कोणाला जबाबदार आहेत, कुलगुरूंना की लेखा विभागातल्या कुणा उपाधिकाऱ्याला? नियामक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीसमोर त्यांना थेट बोलता येतं का? आणि रिस्क रजिस्टरमुळे, म्हणजे संस्थेच्या जोखमींच्या नोंदवहीमुळे, एखादा निर्णय शेवटचा कधी बदलला, कोणता? तिसऱ्या प्रश्नावर समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली तर मीही तुमच्या बाजूने, जाऊ नकोस म्हणेन. तिथल्या तिथे नेमकं उदाहरण मिळालं तर तुमच्या तक्त्यातले बरेच लाल रंग मी पुसून टाकेन.

पण 'तिने काय करावं' याचं उत्तर मी तुम्हाला देणार नाही. तक्ता या पत्रासोबत परत पाठवते आहे. उद्दिष्टाचा रकाना मी आखून दिला आहे, भरलेला नाही. तो तिच्या हाती द्या आणि ती लिहीत असताना खोलीत थांबू नका. पुढचं पत्र तिचं येऊ दे. नेमणूक स्वीकारायला 15 दिवसांची मुदत आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्यातले सहा तुमचं पत्र माझ्यापर्यंत पोचेतो गेले.